सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे जमीन आपलीच? नाही हो!

गावाकडं कुणालाही विचारा, "उताऱ्यावर माझं नाव आहे, कोण काय करतंय बघतो" हे ठरलेलं. पण सातबारा मुळात महसुलाचा कागद आहे, नमुना ७ मध्ये जमीन कुणाच्या नावावर ते आणि १२ मध्ये पीकपाणी. महसूल संहिता १९६६ चं कलम १५७ एवढंच म्हणतं की नोंद खरी धरायची, ती पण उलट सिद्ध होईपर्यंतच, आणि सुप्रीम कोर्टानं तर कितीदा सांगून झालंय की फेरफारानं, म्हणजे उताऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदीनं, मालकी मिळत नाही की जात नाही.

नेहमीचा घोळ वारसनोंदीत. वडील गेले, भावांनी आपापली नावं लावून घेतली, बहिणीचं राहिलं (राहिलं की ठेवलं, ते ज्याचं त्याला माहीत). आता भाऊ म्हणतो तुझं नावच नाही, पण नाव नाही म्हणून तिचा हिस्सा उडत नाही. तिला सोडायचाच असेल तर रजिस्टर्ड हक्कसोडपत्र लागतं, तलाठ्याकडं दिलेल्या साध्या अर्जावर ते होत नाही.

विकत घेतलेल्या जमिनीला रजिस्टर्ड खरेदीखत पाहिजे, आणि विकणाऱ्याकडंच हक्क नसेल तर खरेदीखत करूनही तुम्हाला काय मिळणार? म्हणून नुसता ताजा उतारा बघून इसार देऊ नका, जुने फेरफार काढून जमीन कुणाकडून कुणाकडं कशी आली ते वाचा आणि 'इतर हक्क' चा रकाना नीट बघा, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं) नाव, कोर्टाचा दावा बहुतेक तिथंच सापडतो.