मामांची पेशी, भाच्याची हौस
मागच्या उन्हाळ्यात मामांवर चेक बाउन्सची केस लागली तेव्हा मामी म्हणाली, घरी एवढा बोलतोस तर तूच उभा राहा ना कोर्टात, वकिलाला कशाला पैसे घालायचे. मी पण खरंच गेलो, इंदूरच्या जिल्हा कोर्टात, नोटरी केलेली पॉवर ऑफ अटर्नी घेऊन. नावाचा पुकारा झाला, जजसाहेबांनी फाइलीतून डोकं वर न काढता विचारलं, "आप अभिभाषक हैं?" मी म्हटलं, "जी नहीं, भांजा हूँ." मागे बसलेले काळे कोट फिसकन हसले. (पुण्याच्या लोकांसाठी: इकडे वकील म्हणजे अभिभाषक आणि तारीख म्हणजे पेशी.)

तेव्हापासून डोक्यात होतं की घरच्यांनी घरच्यासाठी बोलायचं हे बंद कधी झालं.

पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्या दरबारात ठेवलेला माणूस, महादजींनी १७८४ मध्ये बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-ए-मुतलक (बादशहाचा मुख्य कारभारी) हे पद मिळवलं त्याचा कोर्टकचेरीशी काहीच संबंध नव्हता. भांडण गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या वतनदार-जाणत्या लोकांच्या सभेपुढे जायचं, अग्रवादी-पश्चिमवादी (म्हणजे वादी-प्रतिवादी) आपापली तकरीर, म्हणजे म्हणणं, लिहून द्यायचे, पंचांचा निवाडा मानू असा राजीनामा द्यायचे, जामीन द्यायचे, आणि भाऊबंद, गावकरी तर तिथे असायचेच.

वकिलीला सनद (परवाना) लागते हा प्रकार कंपनी सरकारचा, बंगालमध्ये १७९३ पासून. पण फौजदारीत (चेक बाउन्सची केस पण फौजदारीच) एक फट राहिली. १८९८ च्या क्रिमिनल प्रोसिजर कोडात प्लीडर (कोर्टात बाजू मांडणारा) या शब्दात मुख्तार, म्हणजे खालच्या कोर्टातले कमी दर्जाचे वकील, आणि कोर्टाच्या परवानगीने नेमलेला 'इतर कोणी' पण धरला होता. त्याच्या आधीच, १८९६ मध्ये, भारतातल्या पहिल्या महिला वकिलांपैकी एक कॉर्नेलिया सोराबजी पुण्यात एका खुनाच्या खटल्यात आरोपीसाठी उभ्या राहिल्या, बायकांना सनदच मिळत नव्हती त्या काळात. संस्थानी बायकांची बाजू मांडायला त्यांना काठियावाड आणि आपल्या इंदूरच्या इंग्रज एजंटांपुढे पण खास परवानगी मिळाली होती, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

मग १९६१ चा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट आला. कलम २९ म्हणतं वकिली फक्त अ‍ॅडव्होकेटने करायची, आणि तीनच कलमं पुढे ३२ म्हणतं की एखाद्या केसपुरती कोर्ट कोणालाही परवानगी देऊ शकतं. 'शकतं', बरं का. १९७८ मध्ये हरिशंकर रस्तोगी केसमध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी तेच सांगितलं, स्वतःची केस स्वतः लढणं वेगळं, बिगर वकिलाला दुसऱ्यासाठी बोलायचा हक्क नाही, पण माणूस कसा आहे, नातं काय, कारण काय हे बघून कोर्ट परवानगी देऊ शकतं आणि मागे पण घेऊ शकतं. १९९९ च्या टी. सी. मथाई केसमध्ये माझ्यासारख्यांची हौस फिटली, नुसत्या मुख्तारपत्रावर (पॉवर ऑफ अटर्नीवर) फौजदारी कोर्टात बोलता येत नाही, आधी परवानगी, आणि ती मागायची ज्याची केस आहे त्याने. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ३४० मध्ये प्लीडर जाऊन सरळ अ‍ॅडव्होकेटच आलाय, पण १९६१ चं कलम ३२ आहे तिथेच आहे.

म्हणजे मामा स्वतः बोलले असते तर कोणी अडवलं नसतं, आणि मला बोलवायचं तर अर्ज त्यांनी द्यायचा होता. कोर्टातल्या बाबूने हे समजावलं, मग बाहेरच्या टायपिस्टकडून अर्ध्या पानाचा हिंदी अर्ज करून घेतला, मामांनी सही केली, आणि साहेबांनी तो पुढच्या पेशीला ठेवला. तेवढ्यात मामांनी पैसे भरून समोरच्याशी राजीनामा करून टाकला. इकडच्या कोर्टात समझोत्याला अजून राजीनामाच म्हणतात, मामीला वाटलं मामांनी नोकरी सोडली.