लेपर्ड की फॅट-टेल? जाड शेपटीच्या दोन पाली आणि हवेतलं पाणी

पाल पाळली आहे हे आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा ती खो-खो हसली. म्हणाली, "अगं, डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात चार-चार होत्या. त्यांना जन्मभर नावं ठेवलीस, नाव कधी ठेवलं नाहीस." इंग्लंडमधल्या घरात आलेल्या पालीचं नाव मात्र लेकीने पहिल्याच दिवशी ठेवलं: खारीक. रंग आणि शेपूट पाहता ते शोभलंही.

तिची जातच आम्हाला चुकीची सांगितलेली होती. ज्यांच्याकडून घेतली त्यांनी "लेपर्ड गेको, मादी, तीन वर्षांची" असं सांगून पेटीसकट हातात दिली. आम्ही लेपर्डची सगळी माहिती वाचून काढली, पेटी छान कोरडी ठेवली आणि दोन महिन्यांनी तिची बोटं काळी पडायला लागली. प्राण्यांच्या डॉक्टरांनी तिला उचलून डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, ही लेपर्ड नव्हे, ही आफ्रिकन फॅट-टेल.

गल्लत होण्यासारखंच आहे. दोन्ही वीतभर लांबीच्या, जाड शेपटीच्या, दिवसा लपून बसणाऱ्या आणि तिन्हीसांजेला बाहेर पडणाऱ्या. दोघींनाही पापण्या असतात. आपल्या घरातल्या पालीला पापणी नसते, ती जिभेने डोळा पुसते. या दोघी चक्क डोळे मिटतात. त्यांच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्याही नसतात, त्यामुळे भिंतीवर चढणं नाही आणि डोक्यावर पडण्याची भीती नाही. शेपटीत चरबी साठवतात. घाबरल्या की ती तोडून टाकतात. नवी शेपूट उगवते, पण सलगमासारखी गोल, आणि तशी शेपूट असली की या दोघींतला फरक आणखी पुसट होतो.

ओळखायचं तर आधी डोळे पाहा. लेपर्डचा डोळा राखाडी-चंदेरी असतो आणि त्यात काळी उभी चीर स्पष्ट दिसते. फॅट-टेलचा डोळा गडद तपकिरी, लांबून काळाच वाटतो, हरणाच्या पाडसासारखा. ठिपक्यांवर फार विसंबू नका. मोठ्या लेपर्डच्या अंगावर ठिपके असतात खरे, पण तिचं पिल्लू पट्ट्यापट्ट्यांचं असतं, आणि फॅट-टेल जन्मभर पट्ट्यांचीच राहते. कधी पाठीवरून डोक्यापर्यंत एक पांढरी रेघ जाते. त्यात पैदास करणाऱ्यांनी दोन्हींचे इतके रंग काढलेत की बिनठिपक्याची लेपर्डही सर्रास मिळते. चालही पाहावी. लेपर्ड पाय ताठ करून, पोट उचलून चालते. फॅट-टेलचे पाय आखूड, ती जमिनीलगत सरपटल्यासारखी, सावकाश जाते.

पण वेगळेपणाचं मूळ त्यांच्या गावाकडे आहे. लेपर्डला शास्त्रीय नाव दिलं एडवर्ड ब्लाइथने, 1854 मध्ये. तो कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर होता, आणि त्याच्या हाती आलेला नमुना पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतला होता, म्हणजे आजच्या पाकिस्तानातला. खडक, माती, कोरडी हवा. तिची एक सख्खी चुलत बहीण महाराष्ट्र-गुजरातच्या खडकाळ रानातही राहते. खेड्यांत लोक तिला विषारी समजून मारतात, जरी जगातली एकही पाल विषारी नाही. (गावी गेल्यावर दिसली तर लांबून बघा आणि पुढे चला. ती पाळायची नाही.) फॅट-टेल पश्चिम आफ्रिकेची, सेनेगलपासून कॅमेरूनपर्यंतच्या गवताळ आणि विरळ जंगली पट्ट्यातली. तोही काही चिखलाचा मुलूख नाही. पण ती दिवस काढते बिळात आणि पालापाचोळ्याखाली, जिथे ओल टिकून असते.

म्हणून दोघींच्या पेट्या बाहेरून सारख्या आणि आतून वेगळ्या. माप एकच चालतं: 90 सेंटीमीटर लांब, 45 रुंद, 45 उंच. उष्णताही जवळपास तीच, एका टोकाला जमिनीवर 31 ते 33 अंश आणि दुसऱ्या टोकाला 24च्या आसपास, म्हणजे तिला हवं तिथे जाऊन बसता येतं. हीट मॅट असो वा दिवा, थर्मोस्टॅटशिवाय लावायचा नाही. पोट भाजून घेतलेल्या पाली डॉक्टरांना नेहमी पाहाव्या लागतात. आर्द्रतेचा मात्र हिशेब निराळा. लेपर्डच्या पेटीत 30 ते 40 टक्के पुरते, फक्त एक ओलसर लपण हवं: झाकणाला भोक पाडलेला आइस्क्रीमचा डबा आणि त्यात भिजवून पिळलेलं शेवाळ. फॅट-टेलला सगळी पेटीच 50 ते 70 टक्क्यांवर लागते. खाली नारळाच्या काथ्याचा भुसा आणि मातीचा जाड थर, वरचा भाग कोरडा आणि तळ ओला, वर सुकी पानं. नुसतं सकाळ-संध्याकाळ पाणी फवारून भागत नाही, तासाभरात सुकतं. थराच्या कोपऱ्यात पाणी ओतायचं, ते खाली मुरतं आणि हळूहळू वर येतं.

इथल्या हिवाळ्यात हे काम दुप्पट होतं. बाहेर पाऊस, कपडे वाळत नाहीत, आणि तरी रेडिएटर चालू झाले की आमच्या दिवाणखान्यातला आर्द्रतामापक 35च्या खाली. लेपर्डला ही हवा मानवते. खारकेला मानवली नाही, आणि ते आम्हाला कळलं तिने कात टाकली तेव्हा.

एका संध्याकाळी ती राखेत लोळल्यासारखी पांढुरकी झाली. मग नाक दगडावर घासून तोंडाची कात सैल केली, दातांत धरली आणि डोक्यावरून काढत नेली, घट्ट बनियन काढावी तशी. पुढच्या पायाची कात हातमोज्यासारखी उलटी करून ओढली आणि गिळून टाकली. (हो, खातात. वाया घालवत नाहीत.) पण बोटांपाशी ती फाटली आणि टोकाला बारीकशी कडी राहिली. अशी कडी सुकली की आवळते, रक्त थांबतं आणि बोट झडतं. डॉक्टरांनी कोमट पाण्यात भिजलेल्या टॉवेलवर तिला पंधरा मिनिटं बसवलं आणि कानातल्या काडीने एकेक कडी गोल फिरवत सोडवली. दोन बोटांची टोकं तरीही गेली. आता प्रत्येक कातीनंतर लेक टॉर्च घेऊन वीस बोटं तपासते, अठराच पूर्ण भरतात.

उलट चूकही तितकीच वाईट. लेपर्डला ओलसर, कोंदट पेटीत ठेवलं तर छाती भरते, पोटाची कातडी खराब होते.

खाण्यात फारसा भेद नाही: जिवंत किडे. रातकिडे, डुबिया झुरळं, मधूनमधून मीलवर्म नावाच्या अळ्या. तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा नको. पिल्लांना रोज, मोठ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा. किडे कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून द्यायचे, अनारशाला खसखस लावतो तसे, आणि ड जीवनसत्त्वाची सोय करायची, पावडरीतून किंवा मंद यूव्हीबी (अतिनील किरणांच्या) दिव्यातून. हे चुकलं की हाडं मऊ पडून पाय वाकतात. दुकानात कॅल्शियमयुक्त म्हणून मिळणारी रंगीत वाळू घेऊ नका. पाल ती किड्याबरोबर गिळते आणि आतडं तुंबतं.

फॅट-टेल खाण्याच्या बाबतीत मानी. जागा बदलली म्हणून खारकेने तीन आठवडे तोंड फिरवलं होतं. अशा वेळी घाबरण्याऐवजी वजन करावं. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर डॉक्टर. वजनकाटा स्वयंपाकघरातला वापरू नका आणि पालीची भांडी ओट्याच्या सिंकमध्ये धुऊ नका, कारण पोट बिघडवणारा साल्मोनेला जंतू दोघींच्याही अंगावर असू शकतो. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर मी पाल आणणं पुढे ढकलेन.

पहिलीच पाल घेत असाल तर माझं मत लेपर्डला. चुका पोटात घालते, संध्याकाळी स्वतःहून काचेपाशी येते, आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसाकडेच पैदास झालेली असल्याने निरोगी मिळणं सोपं. फक्त रंगाच्या मोहात एनिग्मा किंवा लेमन फ्रॉस्ट या पैदाशीतून काढलेल्या रंगांची लेपर्ड घेऊ नका. पहिल्यात तोल जाण्याचा मेंदूचा विकार येतो आणि दुसऱ्यात कातडीला गाठी होतात. फॅट-टेल महाग पडते आणि लाजाळू असते. पण एकदा विश्वास बसला की तळहातावर इतकी शांत बसते की लेपर्ड तिच्यापुढे चुळबुळी वाटते. ती घ्यायची तर पैदास केलेलीच घ्या. टोगो-घानाहून रानात पकडून आणलेल्याही विकल्या जातात, पोटात जंत घेऊन आणि प्रवासाने खंगून. अंड्यातून कधी निघाली, आई-बाप कोणाकडे आहेत, हे विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर निघून या. आणि कोणतीही असो, एका पेटीत एकच.

इंग्लंडमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलाला पाळीव प्राणी विकता येत नाही, तेव्हा पावती आई-बापाच्या नावाची होते. ते रास्तच आहे. दोन्ही पाली पंधरा-वीस वर्षं जगतात. लेक दहाची आहे. ती विद्यापीठात जाईल तेव्हा खारीक अकरा वर्षांची असेल, आणि किडे मीच घालत असेन. आईने परवा विचारलं, "मग ती येतेय का गणपतीला?"