प्राचीन भाषाविचाराची पार्श्वभूमी

प्राचीन काळी भाषेचा पद्धतशीर अभ्यास जिथे जिथे उभा राहिला, तिथे त्यामागे बहुधा एकच निकड दिसते: जपून ठेवायचा मजकूर जुना झाला होता आणि लोकांची बोली त्यापासून दूर सरकली होती.

मेसोपोटेमियात हे सर्वांत आधी घडले. इ.स.पू. २००० च्या सुमारास सुमेरी भाषा बोलण्यातून जवळजवळ नाहीशी झाली होती, तरी लेखनिकांच्या शाळांत ती शिकवली जाई, आणि शिकणारी मुले अक्कडी बोलणारी होती. त्यांच्यासाठी मातीच्या पाट्यांवर शब्दसूची आणि पुढे रूपावली तयार झाल्या. ‘जाणे’, ‘ठेवणे’ अशा क्रियापदांची सुमेरी रूपे एका रकान्यात, तर अक्कडी रूपे शेजारच्या रकान्यात, अशी त्यांची मांडणी असे. नियम शब्दांत कुठेही सांगितलेला नाही. तो रूपांच्या क्रमातूनच उमजून घ्यावा लागे.

भारतात जपायचे होते ते मुखोद्गत असलेले वेद. त्यामुळे येथील अभ्यास अक्षरांऐवजी उच्चारांपासून सुरू झाला, आणि त्याचे वेगळेपण मुख्यतः यातच आहे, असे मला वाटते. शाकल्याने ऋग्वेदाचा पदपाठ सिद्ध करताना ‘अग्निमीळे’ हा सलग उच्चार ‘अग्निम्’ आणि ‘ईळे’ असा सुटा केला, तेव्हा संधीचे विश्लेषण त्यात आलेच होते. प्रातिशाख्यांनी, म्हणजे वेदांच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या ग्रंथांनी, वर्णांची स्थाने (ते तोंडात कुठे उमटतात) आणि प्रयत्न (ते कसे उच्चारले जातात) नोंदवले. यास्काने पदांचे नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग आणि निपात (अव्यये) असे चार वर्ग सांगितले, आणि सर्व नामे धातूंपासून निघतात या शाकटायनाच्या मतावर गार्ग्याने घेतलेला आक्षेपही आपल्या निरुक्त या ग्रंथात नोंदवून ठेवला.

पाणिनी मात्र केवळ जतनापाशी थांबला नाही. गांधारातील शलातुर गावच्या या वैयाकरणाने सुमारे चार हजार सूत्रांत वेदांच्या भाषेबरोबर आपल्या काळच्या शिष्टांची बोलीही बांधली. त्याची रीत एका सूत्रावरूनही कळते. ‘इको यणचि’ यात ‘इक्’ म्हणजे इ, उ, ऋ, ऌ. ‘यण्’ म्हणजे य, व, र, ल. आणि ‘अच्’ म्हणजे सर्व स्वर. हे संक्षेप १४ शिवसूत्रांतून, म्हणजे वर्णांच्या क्रमवार याद्यांतून, तयार होतात. सूत्रातील षष्ठी (‘इको’) ‘कशाच्या जागी’, प्रथमा (‘यण्’) ‘काय’ आणि सप्तमी (‘अचि’) ‘पुढे काय असताना’ हे सांगते, म्हणून ‘दधि’ आणि ‘अत्र’ मिळून ‘दध्यत्र’ होते. विभक्ती ज्या भाषेच्या, त्याच त्या भाषेचा नियम मांडण्याच्या खुणा झाल्या आहेत.

ग्रीसमध्ये वाद आधी तत्त्वज्ञांचा होता: नावे वस्तूंना स्वभावतः चिकटलेली असतात की संकेताने, हा प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ या संवादाचा विषय. व्याकरण हे स्वतंत्र शास्त्र म्हणून पुढे आले ते स्टोइक या तत्त्वज्ञान-पंथाचे विचारवंत आणि इजिप्तमधील अलेक्झांड्रियाचे ग्रीक पंडित यांच्यामुळे, आणि या पंडितांपुढे होमरची जुनी काव्ये होती. चीनमध्ये लिपीच चित्रमूल असल्याने लक्ष चिन्हांकडे गेले. शू शेन या चिनी पंडिताने इ.स. १०० च्या सुमारास ९,३५३ चिन्हे ५४० घटकांखाली लावली. ध्वनीच्या विश्लेषणाला तेथे बळ मिळाले ते नंतर, बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या भारतीय वर्णविचारामुळे. जपानी अक्षरमालेचा आजचा क्रमही त्याच वाटेने आलेला आहे.

युरोपला पाणिनीय परंपरेची खरी ओळख अठराव्या शतकाच्या अखेरीपासून होऊ लागली आणि पुढे तौलनिक भाषाशास्त्राच्या घडणीत तिचा वाटा राहिला. या टप्प्यात पुणे-मुंबईचाही हातभार आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असलेल्या कीलहॉर्न यांनी पतंजलीच्या महाभाष्याची, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरील विवेचनाची, चिकित्सक आवृत्ती तीन खंडांत सिद्ध केली, तर रा. गो. भांडारकर यांनी १८७७ मध्ये मुंबईत दिलेल्या विल्सन व्याख्यानांत संस्कृतपासून प्राकृतांमार्गे मराठीसारख्या आधुनिक भाषांपर्यंतचा प्रवास मांडला.