किती जणांनी पाहिलं, की कुठे सोडलं?

दिवाळीच्या तीन आठवडे आधीपासून इंदूरच्या मराठी वस्त्यांमधले फोन फराळाने भरून जातात. सुदामानगर, लोकमान्यनगर, रामबाग, कुठेही बघा. कुणाच्या स्टेटसवर कढईत चकल्या फिरत असतात, कुणाच्या स्टोरीत अनारशाला पडलेली जाळी अगदी जवळून दाखवलेली असते, आणि शेवटी ‘ऑर्डर घेणे सुरू’. ज्या शहरात वळणावळणावर शेव-नमकीनचं दुकान आहे, तिथे घरचा चिवडा विकायला निघणं हे तसं धाडसच. चोवीस तासांनी स्टोरी नाहीशी होते आणि हाती उरतो एक आकडा. काल १९० जणांनी पाहिलं, आज २४० जणांनी; म्हणजे आज बरं जमलं, असं ठरवून मंडळी झोपायला जातात.

मला वाटतं, मिळणाऱ्या सगळ्या माहितीत हाच आकडा सर्वांत कमी कामाचा आहे. पाहणारे कुठवर टिकले आणि कुठे निघून गेले, हे त्याहून पुष्कळ उपयोगी. ते वाचायची रीत तर फोनच्याच काय, विजेच्याही आधीपासून चालत आली आहे.

थोडी पूर्वपीठिका. चोवीस तासांची ‘स्टोरी’ स्नॅपचॅटने ऑक्टोबर २०१३ मध्ये आणली. इन्स्टाग्रामने ऑगस्ट २०१६ मध्ये ती सरळ उचलली, आणि श्रेय स्नॅपचॅटचं असल्याचं मोकळेपणाने मान्यही केलं. व्हॉट्सअॅपचं आजचं स्टेटस फेब्रुवारी २०१७ पासूनचं. ट्विटरनेही ‘फ्लीट्स’ नावाने हा खेळ करून पाहिला. जगभर तो नोव्हेंबर २०२० मध्ये पोचला आणि ३ ऑगस्ट २०२१ ला गुंडाळला गेला.

या प्रकाराचं एक वैशिष्ट्य गणिताच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. यूट्यूबवरचा व्हिडिओ वर्षानुवर्षं पाहिला जातो. त्याचं शीर्षक, त्याचं चित्र नंतर बदलता येतं. स्टोरीबद्दल काही उमगेपर्यंत ती संपलेली असते. शिकलेलं वापरायचं ते पुढच्या स्टोरीत. शिवाय माहितीही टिकाऊ नाही: इन्स्टाग्रामवर कोणी पाहिलं ती नावांची यादी टाकल्यापासून ४८ तासच दिसते. तेव्हा आकडे त्याच दिवशी वहीत उतरवून घेणं भाग आहे.

आता एक उदाहरण घेऊ. बाई काल्पनिक, आकडेही काल्पनिक. त्यांनी पाच स्लाइडची स्टोरी टाकली: पहिलीवर चकलीचा फोटो, दुसरीवर तळणीचा छोटा व्हिडिओ, तिसरीवर सगळ्या जिनसांचं दरपत्रक, चौथीवर पॅकिंग आणि पाचवीवर ऑर्डरसाठी नंबर. पाहणारे अनुक्रमे २४०, १९२, १८०, १०८ आणि १०२.

बाई शेवटचा आकडा बघतात. २४० पैकी १०२ जणच नंबरापर्यंत पोचले, म्हणजे लोकांना ऑर्डरमध्ये रसच नाही! पण प्रत्येक पायरी वेगळी काढून बघा. पहिलीवरून दुसरीवर ८० टक्के गेले. दुसरीवरून तिसरीवर जवळजवळ ९४ टक्के. तिसरीवरून चौथीवर फक्त ६०. आणि चौथीवरून पाचवीवर पुन्हा ९४. पहिल्या पायरीची गळती सगळीकडेच असते; नुसतं बोट लागून आलेले लोक तिथेच परत फिरतात. खरं भगदाड तिसरीनंतरचं आहे. इथे पुष्कळांची गफलत होते. आकडा चौथीचा कमी दिसतो म्हणून चौथी बदलली जाते. पण जे गेले त्यांनी चौथी पाहिलीच नव्हती. ते दरपत्रकावरून उठून गेले. बारीक अक्षरांतल्या चौदा ओळी वाचायला पाच-सात सेकंद कोणाला पुरतात?

ही पायरीपायरीची वजाबाकी मूळची माणसांच्या आयुष्याची. धूमकेतूवाल्या एडमंड हॅलीने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूंच्या नोंदी घेऊन एक कोष्टक मांडलं: इतक्या वयापर्यंत इतके जगतात, त्यांतले पुढच्या वर्षापर्यंत इतके. विमाधंद्याचं गणित याच वाटेने उभं राहिलं. कोष्टकात एका वयाचे लोक आणि पुढच्या वयाचे लोक असतात, आपल्याकडे एक स्लाइड आणि पुढची स्लाइड.

यात पुढे एक अडचण आली. सगळ्यांचा निकाल लागेपर्यंत थांबायला वेळ नसतो. एडवर्ड कॅप्लन हे बेल लॅबमध्ये समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती काळ टिकतील याचा हिशेब करत होते. पॉल मायर कर्करोगाच्या रुग्णांचा. ट्यूब अजून चालू आहे, रुग्ण अजून हयात आहे, मग त्यांना कोणत्या रकान्यात घालायचं? दोघांनी वेगवेगळे लेख लिहिले होते, त्यांना एकत्र लिहायला सांगण्यात आलं, आणि १९५८ मध्ये छापून आलेला तो जोडलेख आज विज्ञानातल्या सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या लेखांपैकी आहे. उत्तराचा गाभा साधा आहे. प्रत्येक टप्प्यावर त्या क्षणी जेवढे लोक खरोखर ‘पटावर’ होते, तेवढ्यांचाच भागाकार करायचा आणि मग सगळे भागाकार गुणत जायचे.

स्टोरीत ‘पटावर कोण होतं’ हा प्रश्न भलताच आडवा येतो. समजा पहिली स्लाइड सकाळी नऊला टाकली आणि पाचवी रात्री नऊला. प्रत्येक स्लाइडचे चोवीस तास वेगळे मोजले जातात. दुसऱ्या दिवशी दहा वाजता कचेरीत चहा घेताना फोन उघडणाऱ्याला पहिली दिसणारच नाही. तो थेट नंतरच्या स्लाइडवर येईल. उलट आदल्या दुपारी पाहून गेलेला पाचवीसाठी परत येईलच असं नाही. अशा वेळी पाचवीला पहिलीहून जास्त प्रेक्षकही मिळू शकतात, आणि त्या भागाकाराला काही अर्थ उरत नाही. पायऱ्यांचा हिशेब करायचा असेल तर सगळ्या स्लाइड एका बैठकीत टाकाव्या. आणि तीन तासांची स्टोरी कालच्या पूर्ण झालेल्या स्टोरीशी ताडून हळहळू नये. अर्ध्या लोकांनी अजून फोन उघडायचाय.

इन्स्टाग्रामवर व्यावसायिक खातं असेल तर आणखी तपशील मिळतो: पुढे जाण्यासाठी किती टॅप, मागे जाण्यासाठी किती, किती जण दुसऱ्याच्या स्टोरीकडे सरकले, किती जण पूर्ण बाहेर पडले. यांतला ‘पुढे’ हा आकडा दुटप्पी आहे. कंटाळून पुढे गेले की भराभर वाचून गेले, कळत नाही. ‘मागे’चंही तेच. चकली पुन्हा बघावीशी वाटली म्हणून मागे येतात, तसंच दर वाचायचे राहिले म्हणूनही येतात. दरपत्रकावर मागे येणारे खूप आणि सोडून जाणारेही खूप, असं एकत्र दिसलं तर मात्र संशय अक्षरांवर घ्यावा. ‘बाहेर पडले’ याचाही अर्थ राग नव्हे. गॅसवर दूध असू शकतं.

व्ह्यूज आणि पोच यांतही गल्लत नको. पोच म्हणजे किती वेगवेगळी खाती. व्ह्यूजमध्ये तेच माणूस पुन्हा आलं तर पुन्हा मोजलं जातं. ऑगस्ट २०२४ पासून इन्स्टाग्रामने व्ह्यूजला पुढे आणलंय. तो आकडा मोठा दिसतो, एवढंच.

आता सर्वांत निसरडी जागा: लहान संख्या. बाईंनी दरपत्रक दोन सुटसुटीत स्लाइडांत विभागलं. आधीच्या स्टोरीला सहा जणांनी निरोप पाठवून चौकशी केली होती, नव्या स्टोरीला अकरा जणांनी. प्रेक्षक दोन्हीकडे २४०च. जवळजवळ दुप्पट! पण हे सतरा निरोप निव्वळ योगायोगाने दोन दिवसांत वाटले गेले असते तर? नाणं सतरा वेळा उडवा. ११-६ किंवा त्याहून एकतर्फी वाटणी साधारण दर तीन प्रयोगांत एकदा येते. म्हणजे काहीही न बदलता असा ‘विजय’ सहज मिळतो. त्याच्या जोरावर समाजमाध्यमांचे सल्लागार शिबिरं घेतात, ते सोडा.

शून्य आला तरी घाई नको. संख्याशास्त्रात ‘तीनचा नियम’ आहे. १५० जणांनी पाहिलं आणि एकानेही विचारलं नाही, तर तीनला १५० ने भागा: दोन टक्के. विचारणाऱ्यांचं खरं प्रमाण दोन टक्क्यांपर्यंत असूनही तुमच्या वाट्याला शून्य येण्याची शक्यता अजून उरलेली आहे. ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं, की ते प्रमाण त्याहून जास्त नाही.

मग करायचं काय? निरोपांचं प्रमाण ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेलं हे बऱ्यापैकी भरवशाने ओळखायला दर गटात (जुनी मांडणी पाहणारे एक गट, नवी पाहणारे दुसरा) ४३० च्या आसपास प्रेक्षक लागतात. घरगुती धंद्याकडे तेवढे नसतात. पण पायरीचं प्रमाण ८० वरून ९० वर गेलं हे ओळखायला दर गटात दोनशे पुरतात. म्हणून सुधारणेसाठी पायऱ्या मोजाव्या. पाच-सहा स्टोऱ्यांची बेरीजही चालते. एका रात्रीवर निकाल लावू नये.

तुलना न्याय्य हवी हे ओघाने आलंच. जुनी मांडणी सोमवारी आणि नवी रंगपंचमीला टाकली, तर त्या दिवशी सगळं इंदूर राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला गेलेलं असतं. आकडे पडले ते गेरीमुळे. अनंत चतुर्दशीच्या झाक्यांची (चित्ररथांची) रात्र, ‘सानंद’च्या नाटकाचा दिवस, धो-धो पावसाची संध्याकाळ, सगळ्यांचं हेच. रोनाल्ड फिशर यांनी विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतांवर काम करताना यावर उपाय रुजवला: कोणत्या वाफ्याला कोणतं खत हे शेतकऱ्याच्या मनावर सोडायचं नाही, चिठ्ठ्या टाकायच्या.

व्हॉट्सअॅपवर हे करता येतं, आणि फार कमी लोकांच्या लक्षात येतं. स्टेटसच्या गोपनीयतेत ‘फक्त यांच्यासोबत शेअर करा’ असा पर्याय आहे. गिऱ्हाइकांचे नंबर चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटा. पहिल्या गटापुरतं जुनं दरपत्रक ठेवा, मग यादी बदलून दुसऱ्या गटापुरतं नवं. यादी बदलल्याने आधी ठेवलेल्या स्टेटसवर परिणाम होत नाही. दिवस तोच, पाऊस तोच, सण तोच; फरक राहिला तो मांडणीचा. नातेवाईक एका गटात आणि ओळखीचे दुसऱ्यात, अशी सोयीची वाटणी मात्र करू नका. आत्या काहीही ठेवलं तरी शेवटपर्यंत बघते. इन्स्टाग्रामवर ‘क्लोज फ्रेंड्स’ वापरून असं काही करायला गेलात तर फसाल, कारण त्या स्टोरीभोवती हिरवं कडं येतं आणि माणसं त्या कड्यामुळेच उघडून बघतात.

इन्स्टाग्रामवर आणखी एक गुंता. कोणाची स्टोरी आधी दिसावी हे यंत्र ठरवतं. कंपनीचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी मे २०२३ मध्ये याचे निकष सांगितले होते: त्या खात्याच्या स्टोऱ्या तुम्ही किती वेळा बघता, त्यांना किती प्रतिसाद देता, आणि तुमचं नातं किती जवळचं असावं. म्हणजे जे नेहमी बघतात त्यांनाच तुम्ही पुढे दिसता. तुमच्या प्रेक्षकांचा कल त्यामुळे मुळातच तुमच्या बाजूचा. ज्यांच्या फोनवर तुमचं वर्तुळ विसाव्या जागी पडलं, त्यांना चिवडा आवडत नाही की दिसलाच नाही, हे या आकड्यांतून काढता येत नाही.

अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल एक निरीक्षण नोंदवलं होतं: एखाद्या मापावर नियंत्रणासाठी भार टाकला की त्यातली नियमितता ढासळते. स्टोरीत हे आठवड्याभरात दिसतं. ‘चकली की शंकरपाळी?’ असं मतदान टाकलं की टॅप भराभर वाढतात, कारण मत द्यायला काही लागत नाही. ऑर्डरची वही तशीच. म्हणून पायऱ्यांच्या हिशेबाशेजारी वहीत एक रकाना ऑर्डरचा ठेवायचा, आणि फोन करणाऱ्याला विचारायचं, ‘कुठे पाहिलंत?’ उत्तरांत अशीही नावं निघतात जी स्टेटसच्या यादीत कधीच नव्हती. निळी टिक बंद ठेवणाऱ्यांनी स्टेटस पाहिलं तरी त्यांचं नाव यादीत येत नाही, त्यामुळे व्हॉट्सअॅपवरचा आकडा खऱ्यापेक्षा कमीच असतो. किती कमी, याचा थोडाफार अंदाज या रकान्यातून येतो.