सडा म्हणजे पडीक जमीन नव्हे

कोकणातला सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार, हा नुसता ओसाड कातळ, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' (लागवडीला अयोग्य जमीन) लागला की विषयच संपतो. हे साफ चुकीचं आहे. मे महिन्यात पाहणी केली तर काळा दगडच दिसणार! तोच सडा भर पावसाळा सरताना बघा: बोटभर मातीत सीतेची आसवं, गेंद अशी इवली रानफुलं आणि किडे खाणारं दवबिंदूचं रोप. शिवाय जांभा सच्छिद्र असतो. पाऊस त्यात मुरतो आणि पायथ्याच्या झऱ्यांना, विहिरींना पाणी पुरवतो. म्हणून सड्याची नाजूकता मोजायची तर पावसाळ्यातल्या वनस्पती, बेडूक आणि शिमग्यानंतर खालच्या वाडीतल्या विहिरींची पातळी, सगळंच नोंदवायला हवं. चिरेखाणीचा (बांधकामासाठी जांभ्याचे चिरे काढण्याचा) विषय निघण्याआधी ही नोंद ग्रामसभेपुढे असलीच पाहिजे.