नाव कोणत्या रकान्यात? आपत्तीनंतर बाईच्या घर-जमिनीच्या हक्काची पार्श्वभूमी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तो पूर लोकांच्या लक्षात राहिला तो 'मुंबईचा पूर' म्हणून. त्याच दिवशी उल्हास नदी बदलापुरात, कल्याणात घराघरांत शिरली होती. आम्ही तेव्हा कल्याणला खाडीच्या बाजूला एका बैठ्या घरात राहत होतो. पाणी उतरल्यावर पंचनाम्याला माणसं आली. भिजलेलं धान्य, फुगलेलं कपाट, बंद पडलेलं शिलाई मशीन आईने एकेक करून दाखवलं. कागदावर नाव लागलं बाबांचं. घरपट्टीच्या पावतीवर तेच होतं, त्यामुळे आम्हाला कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

शेजारच्या काकूंचं मात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, घर सासऱ्यांच्या नावावर आणि सासरेही वारलेले. नोंद कुणी बदलली नव्हती. मदतीचे पैसे गावाहून आलेल्या थोरल्या दिरांनी सही करून घेतले. त्या पुराच्या रात्री दोन मुलींना माळ्यावर चढवून काकू एकट्या कमरेभर पाण्यात उभ्या होत्या.

मदत कुणाच्या हातात पडणार, हे आपत्तीच्या आदल्या दिवशीचा कागद ठरवतो. गावात तो कागद म्हणजे सातबारा, गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, शहरात मालमत्ता कराचं बिल किंवा मिळकत पत्रिका. म्हणून आपत्तीनंतरच्या बायकांच्या हक्काची गोष्ट सांगायची तर ती पुरापासून नव्हे, या कागदापासून सुरू करावी लागते.

सातबाऱ्यावर कब्जेदाराचा, म्हणजे जमीन ज्याची त्याचा, रकाना असतो आणि 'इतर हक्क' नावाचा दुसरा. बाप गेला की भावांची नावं कब्जेदार म्हणून चढायची आणि बहिणींची, लागलीच तर, 'इतर हक्क' मध्ये. तिथेच विहिरीतल्या पाण्याचा हक्क आणि बँकेचा बोजाही नोंदलेला असतो. कित्येक ठिकाणी तर एकट्या थोरल्या भावाचं नाव आणि त्यापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, एवढंच. बाकीचं अख्खं कुटुंब त्या तीन अक्षरांत लपलेलं. ती अक्षरं ओळखायला मी शिकले ती तिशी उलटल्यावर, आणि माझ्या ओळखीतल्या शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकांनाही ती ठाऊक नसतात.

कायदा या कागदाच्या पुढे धावत आला आहे. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा दिला, पण हयातीपुरता. विकायचा अधिकार नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने ती मर्यादा काढली आणि तिला पूर्ण मालक केलं. बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा मिळाला. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मात्र ती जन्माने हिस्सेदार नव्हती. शिवाय कलम २३ होतं. कुटुंब राहतं त्या घराची वाटणी मुलीला मागता येत नसे, जोवर भाऊ स्वतः वाटणी करत नाहीत तोवर. तिला फक्त राहण्याचा हक्क, तोही ती अविवाहित, टाकलेली, विभक्त किंवा विधवा असेल तरच. राहण्याचा हक्क भिंती उभ्या आहेत तोवर उपयोगी. घर पुरात गेलं, दरडीखाली गेलं, तर त्या हक्काचं काय करायचं?

महाराष्ट्राने यात देशाच्या आधी पाऊल टाकलं, हे अभिमानाने सांगण्यासारखं आहे. शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन १९८६ मध्ये चांदवडला भरलं. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: शेतकऱ्याने आपणहून काही जमीन घरधनिणीच्या नावावर करावी. गावंच्या गावं त्यात उतरली. सरकारनेही त्याच नावाची योजना आणून पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. २२ जून १९९४ पासून राज्याच्या दुरुस्तीने मुलगी एकत्र कुटुंबात मुलाबरोबरीची हिस्सेदार झाली. त्याआधी लग्न झालेल्या मुली तेवढ्या बाहेर राहिल्या. आज साठी ओलांडलेल्या बहुतेक लेकी त्याच.

या दोन पावलांच्या मधे किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अधिकृत आकड्यानुसार आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला, पन्नासहून अधिक गावं नव्या जागी वसवली गेली. तिथे घर किती मोठं मिळणार हे ठरलं जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, त्याहून जास्त सात हेक्टरपर्यंत ४००, आणि सात हेक्टरच्या वर ७५०. हिशेब वरवर सरळ दिसतो. पण जिचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून नाही, ती विधवा, ती परत माहेरी आलेली लेक, या मोजपट्टीवर भूमिहीनच ठरते. भावकीची जमीन पंधरा एकर असली तरी. जुनी असमानता नव्या गावाच्या आखणीत सिमेंटने पक्की झाली, असं मला वाटतं.

त्याच किल्लारीत दुसरंही घडलं. पडझड झालेली घरं जागेवरच दुरुस्त करायच्या टप्प्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. हजारावर गावांत बायका यादी वाचत होत्या, भूकंपरोधक बांधकाम समजावत होत्या, मदतीचा हप्ता कुठे अडला ते विचारत होत्या. मालकीच्या कागदाला त्यांनी हात लावला नाही, पण कागद वाचायला लागल्या. २००१ मध्ये भूज हादरलं तेव्हा मराठवाड्यातल्या या बायका तिथल्या बायकांना शिकवायला गेल्या.

मग पुन्हा २००५. जुलैत पूर आला. ९ सप्टेंबरला हिंदू उत्तराधिकार कायद्याची केंद्रीय दुरुस्ती लागू झाली: देशभरातली मुलगी जन्मतः हिस्सेदार, कलम २३ रद्द, शेतजमिनीला वगळणारं पोटकलमही रद्द. डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. त्याच्या कलम १२ मध्ये मदतीचे किमान निकष ठरवताना विधवा आणि अनाथांसाठी खास तरतूद करायला सांगितलं आहे, कलम ६१ मध्ये मदतीत लिंग, जात, धर्म यांवरून भेदभावाला मनाई आहे. पाच महिन्यांत पूर, वारसा आणि मदत या तिन्ही गोष्टी एकामागोमाग आल्या, पण वारसाहक्काचा कायदा आणि मदतीचा कायदा एकमेकांशी बोलले नाहीत. मदतीच्या कायद्यात बाई विधवा म्हणून दिसते, घराची मालक म्हणून नाही.

मालक म्हणून ती दिसू लागली ती संयुक्त नावामुळे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूने नवी घरं नवरा-बायको दोघांच्या नावावर दिली. २००६ च्या वनहक्क कायद्यातही विवाहितांचा दाखला दोघांच्या नावाने द्यायचा असं कलम ४ सांगतं. आपल्याकडे झोपडपट्टी पुनर्वसनातल्या सदनिकेचा करार पती-पत्नीच्या नावाने होतो. ही मोठी गोष्ट आहे, पण तिला एक कड आहे: नाव लागतं ते बायको म्हणून. जिचं लग्न झालं नाही, जिला नवऱ्याने टाकलं पण फारकत दिली नाही, जी बापाबरोबर राहून त्याचं घर सांभाळत होती, तिला या दोन नावांच्या चौकटीत जागा नाही. टाकलेल्या बाईच्या बाबतीत तर उलटच होतं. गेली दहा वर्षं न फिरकलेला नवरा घराच्या वाटपाच्या दिवशी हजर होतो.

ठाण्यात हे चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. १९ जुलै २०२१ ला कळव्याच्या घोलाई नगरात डोंगराची माती घरावर आली, पाच जणांचा जीव गेला. पारसिक डोंगराच्या उतारावरच्या अशा वस्त्यांत सातबाऱ्याचा प्रश्नच येत नाही. असतं ते विजेचं बिल, कराची पावती, नोटरी केलेला खरेदीचा कागद, आणि तो बहुधा पुरुषाच्या नावावर. त्याच घरातल्या रेशनकार्डावर मात्र कुटुंबप्रमुख बाई असते, कारण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १३ ने अठरा वर्षांवरील सर्वांत मोठ्या स्त्रीला कुटुंबप्रमुख ठरवलं आहे. धान्यासाठी ती प्रमुख, छपरासाठी नाही. आपत्तीच्या यादीला रेशनकार्डही मालकीच्या कागदाइतकंच वजनदार मानलं, तर किती घरांतली भांडणं टळतील!

मुंब्रा, भिवंडीतल्या मुस्लिम घरांत हिशेब वेगळा. शरियतप्रमाणे मुलीला मुलाच्या निम्मा वाटा, मुलं असतील तर विधवेला एक अष्टमांश. १९३७ च्या शरियत कायद्याने शेतजमीन मात्र वगळली होती.

नवी मुंबईत आपत्ती निसर्गाने नव्हे, भूसंपादनाने आली. १९७० मध्ये सिडको, म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जणांचा बळी गेला, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत. भूखंड घ्यायचा तर वारस ठरवावे लागले, आणि आगरी-कोळी घरांतल्या लेकींना पहिल्यांदा कळलं की आपण वारस आहोत. बहुतेकींना ते कळलं त्याच दिवशी हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, सही मागितली गेली. भाऊबीजेला ताट घेऊन जायचं असेल तर सही द्यायची, हे कुणी बोलून दाखवत नाही. दाखवावं लागत नाही. वडिलोपार्जित हिश्श्याच्या अशा हक्कसोडीला मुद्रांक लागे दोनशे रुपयांचा. भूखंडाची किंमत काहीही असो. आपत्तीनंतर हेच पत्र अधिक घाईत पुढे येतं, कारण मदतीच्या अर्जाला मुदत असते आणि 'एकाच्या नावावर करू, म्हणजे पटकन मिळेल' हे रडत्या बाईला पटतं.

सिडकोचं नाव पुढे दरडग्रस्तांच्या पुनर्वसनातही आलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह सापडले. ५७ जण बेपत्ता असताना शोध थांबवावा लागला. वाचलेल्यांच्या कायमच्या घरांचं काम सिडकोकडे आलं. बेपत्ता माणूस मेला असं कायद्याने धरायला एरवी सात वर्षं लागतात. २०१३ च्या केदारनाथ प्रलयानंतर सरकारने ही अट शिथिल करून दाखले दिले, आणि मोठ्या आपत्तीत आता तसंच करावं लागतं. तो दाखला मिळेपर्यंत बाई ना सधवा ना विधवा, आणि वारस तर नाहीच. आई-वडील गेलेल्या मुलीच्या नावापुढे सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' लागतं, म्हणजे अज्ञान पालन कर्ता. चुलता किंवा मामा पालक होतो आणि ती अठरा वर्षांची झाल्यावर पालकाचं नाव कमी करून घेण्याचा अर्ज तिनेच करायचा असतो.

इर्शाळवाडी ठाकरांची. मुरबाड, शहापूरच्या पाड्यांवरही ठाकर, कातकरी, वारली. यांना हिंदू उत्तराधिकार कायदा लागूच नाही. कलम २(२) अनुसूचित जमातींना वगळतं, तिथे रूढी चालते. १९९४, २००५, आणि बाप हयात असो-नसो मुलगी हिस्सेदारच असं सांगणारा ऑगस्ट २०२० चा विनीता शर्मा निकाल, यांतलं काहीच त्या पाड्यांवर पोचत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम बदलण्याचा विचार करायला केंद्राला सांगितलं. १७ जुलै २०२५ ला, छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात, त्याच न्यायालयाने म्हटलं की मुलींना वगळणारी रूढी सिद्ध झाली नसेल तर केवळ बाई म्हणून वाटा नाकारता येणार नाही. दरडीखालच्या अशा पाड्यांवरच्या बायकांसाठी या निकालाइतकं जवळचं दुसरं काही नाही.

२०२५ च्या एप्रिलपासून राज्याने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली: मेलेल्या खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची. जमीन महसूल संहितेनुसार वारसाने तीन महिन्यांत कळवायचंच असतं. कित्येक घरांत दोन-दोन पिढ्या ते झालेलं नाही.

काकूंचं घर शहरातलं, त्यामुळे ते या मोहिमेत आलं नाही. त्यांच्या धाकट्या मुलीने गेल्या पावसाळ्याआधी आजोबांच्या नावाची नोंद बदलण्यासाठी अर्ज केला. दोन्ही मृत्यू दाखले, वंशावळ, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळं तिने स्वतः जमवलं. प्रतिज्ञापत्रावर थोरल्या काकांची सही तेवढी अजून व्हायची आहे.