घराच्या बांधकाम परवानगीचा अर्ज नेमका कुठे अडतो

बृहन्मुंबई आणि आणखी काही मोजकी क्षेत्रे सोडली, तर राज्यात डिसेंबर 2020 पासून घराच्या बांधकामाला एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यातील एक तरतूद ‘दीडशे चौरस मीटरपर्यंत परवानगी नको’ एवढ्याच शब्दांत लोकांपर्यंत पोहोचली, आणि पाया भरून झाल्यावर नगररचना अधिनियमाच्या कलम 53 ची (अनधिकृत बांधकाम काढण्याची) नोटीस हातात घेऊन आलेले अर्जदार आजही भेटतात. तरतुदीचा खरा अर्थ असा की, 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. मात्र वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्याच्या सहीचा नियमानुसार नकाशा, मालकीची कागदपत्रे आणि शुल्क दाखल करावेच लागते आणि त्याची शिक्क्याची पोच हीच परवानगी समजली जाते. पोच नसेल तर बांधकाम अनधिकृत ठरते.

त्यातही हिशेब गुंठ्यांचा आणि नियम मीटरचा, ही गोम आहे. एक गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर, म्हणून दीड गुंठ्याचा भूखंड 151 च्या पुढे जातो आणि या सवलतीत बसत नाही. तसाच तीन गुंठ्यांचा भूखंड 300 चौरस मीटरपर्यंतच्या, दहा दिवसांत मंजुरीच्या गटातून बाहेर पडतो.

अर्जापूर्वी, खरे तर जागा घेण्यापूर्वीच, झोन दाखला (जमीन कोणत्या विभागात येते याचा दाखला) आणि भाग नकाशा (विकास योजनेच्या नकाशाचा तेवढा भाग) काढावा. एकाच गट नंबरातील अर्धी जमीन रहिवास विभागात, अर्धी शेती विभागात आणि कोपरा विकास योजनेतील रस्त्याखाली असू शकतो, त्यामुळे ‘शेजाऱ्याचे घर उभे आहे’ हा पुरावा होत नाही. दाखला पूर्ण गटाचा असेल, तर आपला तुकडा नेमका कुठे पडतो हे मोजणी नकाशावर आखून घ्यावे.

सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणीची ‘क’ प्रत (भूमी अभिलेखकडून मिळणारा मोजणी नकाशा) आणि जागेवरचे माप यांचे क्षेत्र सहसा जुळत नाही. छाननीत तिन्हींपैकी सर्वांत कमी क्षेत्र धरतात आणि चटई क्षेत्र, म्हणजे बांधता येणारे एकूण क्षेत्र, त्यावरच मिळते, तेव्हा नकाशा मोजणीनंतरच काढून घ्यावा. आधी काढलेला बहुधा पुन्हा काढावा लागतो, त्याचे पैसे अर्जदाराच्याच खिशातून जातात.

सर्वांत जास्त अर्ज मात्र सहहिस्सेदारांच्या संमतीवर थांबलेले मी पाहिले. वडील जाऊन पंधरा वर्षे झालेली, वारस नोंद केलेली नाही, आणि अर्जदार खिडकीशी प्लॅस्टिकच्या पिशवीतून दरवर्षीच्या घरपट्टीच्या पावत्या एकेक करून काढून ठेवतो आहे, हे चित्र नेहमीचे आहे. त्या पावत्या, किंवा ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, कर आकारणी दाखवतात. मालकी सिद्ध करत नाहीत आणि अनधिकृत खोली अधिकृतही करत नाहीत. हे खिडकीवर पहिल्याच फेरीत कोणी सांगत नाही, तिसऱ्या फेरीत सांगतात. म्हणून वारस नोंद आधी तलाठ्याकडे पूर्ण करावी आणि परगावी असलेल्या बहीण-भावांची संमतिपत्रे अर्जाबरोबरच जोडावीत.

ऑनलाइन अर्ज आणि शुल्क भरणा हे काम नेमलेला अभियंता करतो.

परवानगी हाती आली की मुदत नीट वाचावी. एकूण चार वर्षांचा उल्लेख पाहून लोक निश्चिंत होतात, पण काम सुरू केले नसेल तर तिचे नूतनीकरण दरवर्षी, मुदत संपण्याआधी करावे लागते. जोत्यापर्यंत काम आले की कार्यालयाला कळवावे. घर पूर्ण झाल्यावर वास्तुशांतीची तारीख धरण्याआधी भोगवटा प्रमाणपत्राचा (घर वापरायला घेण्याच्या परवानगीचा) अर्ज करावा, कारण मंजूर नकाशात नसलेला जिना किंवा सामासिक अंतरात (हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेत) आलेली पडवी त्याच वेळी उघडी पडते, आणि माणसे राहायला गेल्यावर ती तोडणे फार जड जाते.